न येणाऱ्या उत्तराची वाट

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरें यांतील वीज एकाएकीं गेली, हें वाचकांस आठवत असेलच. लोकल गाड्या जागच्या जागीं थबकल्या. आमच्या मुलुंडच्या घरांतील पंखे थांबले, आणि घरांतील सर्वांचीं छायाचित्रें व कागदपत्रें जींत सांठविलेलीं आहेत, ती आंतल्या खोलींतील पेटीहि बंद पडली. ही पेटी प्रत्येकाच्या संगणकावर 'नेटवर्क ड्राइव्ह' म्हणून दिसते. आमचा लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू होता.

इतक्यांत धाकट्या बंधूंचा फोन आला. आईस इस्पितळांत नेलें होतें. "दादा, मागें कोणत्या औषधानें तिच्या अंगावर पित्त उठलें होतें? डॉक्टर विचारताहेत." नांव आम्हांस आठवेना. तें लिहिलेला कागद होता आमच्याच लॅपटॉपवर, पेटींत नव्हे. आम्हीं फाइल मॅनेजर उघडला. खिडकी आली ती पांढरी फटफटीत. तींत कांहीं दिसेना, ती मिटेहि ना.

कारण मागाहून कळलें. खिडकी भरण्यापूर्वीं हा फाइलींचा कारभारी यादींतील प्रत्येक ड्राइव्हला "जागा किती उरली?" म्हणून पुसतो. एकानें उत्तर दिलें नाहीं कीं तेथेंच उभा राहतो. पुसणारा व खिडकी रंगविणारा एकच, त्यामुळें हाताशीं असलेला कागदहि दाखवीत नाहीं. एका पाहुण्यासाठीं सबंध पंगत खोळंबावी, तशांतला प्रकार! आमची जोडणी 'एन.एफ.एस.' पद्धतीची. सन मायक्रोसिस्टिम्सनें १९८४ मध्यें काढलेल्या या पद्धतींत 'हार्ड' जोडणी उत्तर येईपर्यंत विचारीतच राहते. 'सॉफ्ट' जोडणी कांहीं वेळानें नाद सोडते. पण तींत लिहिणें अर्धवट राहून फाइल बिघडण्याचें भय. आम्हींच मोठ्या हौसेनें 'हार्ड' निवडली होती. ती वचनास जागली, एवढेंच. समोरचा गेला आहे कीं नुसता उशीर करीत आहे, हें तिला कळावें कसें?

अखेर चिरंजीवांनीं काळी आज्ञांची खिडकी उघडून फाइलीचा पत्ता टंकिला. औषधाचें नांव पुढें आलें, आम्हीं तें फोनवर दोनदां उच्चारलें.

वीज परतली, पेटीचा दिवा लागला, आणि विसरून गेलेली ती पांढरी खिडकी आपोआप भरली. आईचा कागद आम्हीं त्याच सायंकाळीं छापून कपाटाच्या दारास आंतून चिकटविला.