नायट्रोच्या रांगेतली मराठी

इंदूरच्या मराठी घरात सुट्टी लागली की पहिला प्रश्न असतो, "पुण्याला केव्हा?" कुणाची मावशी सदाशिव पेठेत, कुणाचा काका चिंचवडला. आमच्याकडे माझा दादा कोथरूडला. रात्रीची गाडी, डब्यात पुऱ्या-बटाट्याची भाजी आणि पिशवीत सगळ्यांच्या फर्माइशीची शेव नि जीरावन. यंदा मुलांनी एक अट घातली होती: एक पूर्ण दिवस इमॅजिकाला.

पण त्या दिवसाआधी घरात एक छोटीशी गोष्ट घडली. पोचल्या पोचल्या माझी तेरा वर्षांची लेक मामीला म्हणाली, "मामी, आम्ही कधीपासून फोन करून राहिलो होतो!" माझा पंधरा वर्षांचा भाचा हसत सुटला. "करून राहिलो म्हणजे? कुठे राहिलात?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मग तो खेळच झाला. तिने तोंड उघडलं की दोघं भावंडं एकमेकांकडे बघायची. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागली, तिसऱ्या दिवशी इंग्रजीत. रात्री अंथरुणावर मला म्हणाली, "आई, मला मराठी येतच नाही ना? पुढच्या वर्षी मी नाही येणार."

इंदूरला वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून आपलं लहानपण आठवेल. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत "भिया". इथे आपण मराठी म्हणून वेगळे आणि तिथे गेलं की हिंदीवाले. मी तिला समजावलं, पण आईचं समजावणं किती पुरतं ते तुम्हाला माहीत आहेच.

शनिवारी सकाळी लवकर निघालो. एक्सप्रेसवेने बोरघाट उतरला की खोपोलीच्या बाजूला हे उद्यान आहे. मनमोहन शेट्टी यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. गाडीतून लांबूनच ‘नायट्रो’चे वळसे दिसतात. उंची सुमारे चाळीस मीटर, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीएवढी. वर पाच वेळा उलटंपालटं. पायाखाली जमीन सोडा, गाडीचा तळही नाही. पाय हवेत लोंबतात.

भाचा महिनाभर सांगत होता, "मी तर तीनदा बसणार." रांग मोठी होती. डोक्यावरून गाडी गेली, किंकाळ्या आल्या आणि त्याचा आवाज हळूहळू बंद झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्या, माझं पोट दुखतंय. तुम्ही जाऊन या."

माझी लेक त्याच्याकडे बघत होती. तिने येण्याआधी रोलर कोस्टरवर मिळेल ते सगळं वाचलं होतं. घाईत ती हिंदी, इंग्रजी सगळं विसरली.

"दादा, तू उगीच घाबरून राहिला आहेस. हे बघ, याला इंजिनच नसतं. साखळी गाडीला वर ओढते आणि सोडून देते. मग नुसती उंचीची गती होते. चाळीस मीटरवरून पडलं की ताशी शंभर किलोमीटर होणारच, मी हिशेब केला आहे. आणि चाकं फक्त रुळाच्या वर नसतात, बाजूनेही असतात आणि खालूनही. रुळाला तिन्हीकडून धरलेलं असतं. सुटणार कशी?"

मग तिने त्याला सांगितलं की १८८४ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडवर थॉम्सन नावाच्या माणसाने अशी गाडी चालवली तेव्हा तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता आणि तिकीट पाच सेंट. वर्तुळ पूर्ण गोल का नसतं, तेही सांगितलं. पूर्ण गोल केलं तर खालून वर चढताना शरीरावर एकदम फार जोर येतो, म्हणून आकार पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता ठेवतात.

पुढे एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या काकू मघापासून कान देऊन होत्या. त्या वळून म्हणाल्या, "काय छान समजावून राहिली गं! अमरावतीची का तू?"

"नाही, इंदूरची."

"हो का? बोलते तर आमच्यासारखीच!"

भाचा काकूंकडे बघत राहिला. "तुमच्याकडेपण ‘करून राहिलो’ म्हणतात?"

"मग काय म्हणतील बाबू? आम्ही तर जन्मापासून असंच बोलून राहिलो."

सगळेच हसले. लेकही हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

आमचा नंबर आला. एका ओळीत चौघे: दोन्ही भाचरं, लेक आणि मी. वहिनी खाली पिशव्या सांभाळत होती. साखळीचा खडखडाट सुरू झाला तेव्हा भाच्याने लेकीचा हात धरला. वर पोचल्यावर क्षणभर सह्याद्रीचे डोंगर दिसले आणि मग काही दिसलं नाही. मी किती ओरडले ते वहिनीला खाली ऐकू आलं म्हणे.

उतरल्यावर भाच्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मी खरंच घाबरून राहिलो होतो!" मुद्दाम म्हणाला की सहज, कोण जाणे. लेकीने पाठीत एक धपाटा घातला आणि दोघं पुन्हा रांगेकडे पळाली.

त्या रात्री जेवताना मी मुलांना सांगितलं की आपली माणसं होळकरांच्या काळापासून, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं, माळव्यात राहतात. एवढ्या वर्षांत भाषेला माळव्याचं पाणी लागणारच. पुण्याची मराठी पुण्याच्या पाण्याची, अमरावतीची तिथल्या पाण्याची. भाचा मन लावून ऐकत होता. मग विचारलं, "इंदूरला असं काही आहे का, नायट्रोसारखं?"

लेक म्हणाली, "पाताळपाणीची गाडी आहे. तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, तेव्हा इंदूरला रेल्वे आली. पाताळपाणी ते कालाकुंड घाटात अजून ती जुनी छोटी लाइन आहे. पावसाळ्यात ये. हळू जाते, पण धबधबा दिसतो."

त्याने येतो म्हटलं आहे. आमच्याकडे तयारीही सुरू झाली आहे. परवा फोनवर ती त्याला ‘भिया’ कुठे आणि कसं म्हणायचं ते शिकवून राहिली होती.