पिशवीतली वजनं

आमच्या दुकानात दोन काटे आहेत. गल्ल्याजवळचा छोटा, किराणा विकायचा. मागच्या पडवीतला मोठा, पोती तोलायचा. सुगीत आसपासच्या वस्त्यांवरचे शेतकरी चार-चार, पाच-पाच पोती बाजरी, तूर, हरभरा घेऊन येतात, ती या मोठ्या काट्यावर चढतात. दोन्ही काट्यांचं पासिंग वेळच्या वेळी होतं, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. काट्यांत खोट कधीच नव्हती. कडत्यात होती.

बारदानाचं वजन, माती, काडीकचरा यांपोटी व्यापारी जे वजन कापून घेतो, त्याला आमच्या नगर भागात कडता म्हणतात. मी पन्नासच्या पोत्यामागं दोन किलो कडता धरायचो. 1996 साली दुकान चालवायला घेतलं तेव्हा ही रीत दुकानाबरोबरच हाती आली होती. बाजारातले बाकीचेही तेवढाच धरत, कुणी अडीच धरी. शेतकरी कुरकुरायचा, मी ‘रीतच आहे बाबा’ म्हणायचो आणि चिठ्ठीवर पन्नासचे अठ्ठेचाळीस व्हायचे. एकवीस वर्षं त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मी दर रविवारी उपासनेला जाणारा माणूस. सुगीच्या सणाला वेदीपुढं एक पोतं धान्य ठेवायचो, तेही चाळून, निवडून.

2017च्या मे महिन्यात बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली. रोज पहाटे चहाआधी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तो मोडायला ती तयार नव्हती. म्हणाली, “अहो, तुम्ही वाचा, मी ऐकते.” मी शास्त्र वाचायचो ते रविवारी, पाळकसाहेब सांगतील तेवढं. कुठून सुरुवात करायची तेही सुचेना. तिनंच सांगितलं, “नीतिसूत्रे काढा. एकतीस अध्याय आहेत. जी तारीख, तो अध्याय. खूण ठेवायला नको आणि काल कुठं थांबलो ते आठवायलाही नको.”

एक जूनला पहिला अध्याय वाचला. वाचनाची सवय नसल्यानं अडखळत होतो. पण आठवडाभरात एक गोष्ट लक्षात आली. हे पुस्तक देवळापेक्षा बाजारात जास्त वावरतं. जामीन राहणं, उधारी, आळशी गडी, भांडखोर शेजारी, पोरांना वळण, दारू, पाहुणचार, मुंगी. सहाव्या अध्यायात मुंगीकडं जाऊन शहाणपण शिकायला सांगितलंय. माझ्या गुळाच्या ढेपेला मुंग्या लागायच्या आणि मी पावडर टाकायचो. त्या सकाळी ढेप उचलून दुसरीकडं ठेवली आणि ओळ कुठं चाललीय ते बघत उभा राहिलो. पोत्यांच्या थप्पीमागून भिंतीच्या फटीपर्यंत, सांडलेला एकेक दाणा ओढत. पाऊस अजून पडायचा होता.

विसाव्या अध्यायातलं गिऱ्हाईक वाचून तर आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. माल घेताना नाक मुरडणारं, वाईट आहे म्हणणारं, आणि घेऊन घराकडं निघालं की किती स्वस्तात आणलं याची फुशारकी मारणारं! बायको म्हणाली, “हा तर आपला रोजचाच की.” अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा कुणी माणूस माझ्या गल्ल्यापाशी उभं राहून सगळं टिपून गेला होता. शास्त्र वाचताना हसू येऊ शकतं हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. सत्ताविसाव्या अध्यायात पहाटेच मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणारा आहे. तो आशीर्वाद शापासारखा वाटतो म्हणे. तिसाव्यात चार लहानशा शहाण्या जिवांत पाल आहे, हातात धरता येईल एवढी, तरी राजवाड्यात राहणारी. तेव्हा आमच्या ट्यूबलाइटमागची पाल हटकून चुकचुकली आणि बायकोनं तिला मान लववून नमस्कार केला. पहाटेचा तो अर्धा तास आता मला हवासा वाटू लागला होता. दुकान उघडताना मी काहीतरी गुणगुणत असायचो.

पण त्याच पुस्तकात काटाही होता. अकरावा अध्याय उघडतो तोच काट्यापासून: खोट्या काट्याची देवाला चीड येते, खऱ्या वजनानं तो सुखावतो. सोळाव्यात पुन्हा काटा, आणि पिशवीतली सगळी वजनं देवाचीच आहेत असं म्हटलेलं. विसाव्यात तर दोनदा. जूनमध्ये मी हे वाचून पुढं गेलो. काटे पास झालेले होते, मला काय त्याचं? जुलैत अकरा, सोळा, वीस तारखा पुन्हा आल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा. रविवारचं प्रवचन दाराबाहेर पडलं की विसरता येतं. हे पुस्तक कॅलेंडर धरून येत होतं. सप्टेंबरच्या सोळा तारखेला बायकोनं विचारलं, “अहो, पिशवीतली वजनं म्हणजे काय?” मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. ते त्यांच्या खोलीत घेऊन गेले आणि एका जाड कोशातलं चित्र दाखवलं. तेव्हा त्या देशात नाणी नव्हती, चांदी तोलून द्यायची. वजनं दगडाची असत, चुनखडीची, वरून घुमटासारखी गोल, आकडा कोरलेली. व्यापारी ती पिशवीत घालून कमरेला बांधायचा. यरुशलेमच्या उत्खननात अशी वजनं सापडलीत. त्यांतला शेकेल साधारण अकरा ग्रॅम आणि वर थोडासा. मी एकदम म्हणालो, “अहो, हा तर आपला तोळा!” तोळा अकरा ग्रॅम सहासष्ट. यिर्मया संदेष्ट्यानं सतरा शेकेल चांदी तोलून शेत विकत घेतलं, म्हणजे साडेसोळा तोळे. हिशेब मी तिथंच उभ्याउभ्या केला. मला फार आनंद झाला होता, एखादा लांबचा भाऊबंद सापडावा तसा.

मग पाळकसाहेबांनी सांगितलं, “लबाड व्यापारी पिशवीत दोन जोड ठेवायचा. घेताना जड दगड, देताना हलका. म्हणून तर अनुवादाच्या पुस्तकात, पिशवीत दोन प्रकारची वजनं बाळगू नका अशी सरळ आज्ञाच आहे.” त्यांना माझ्या कडत्याची काही कल्पना नव्हती. ते सहज बोलत होते. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. विकताना माझा किलो हजार ग्रॅमचा होता. घेताना पन्नास किलोला मी अठ्ठेचाळीस म्हणत होतो. पिशवी नव्हती, दगड नव्हते, तरी जोड दोनच होते.

घरी येऊन रिकामं बारदान छोट्या काट्यावर ठेवलं. सहाशे ग्रॅम. मातीकचऱ्याचा माल मी मुळात घेतच नव्हतो, चाळून आणायला लावायचो. म्हणजे पोत्यामागं एक किलो चारशे ग्रॅम माझे नव्हते. सालाला नऊशेएक पोती. बारा क्विंटल साठ किलो. सुरुवातीच्या वर्षांत पोती कमी येत, ते धरूनही एकवीस वर्षांचं धान्य ट्रकभर झालं असतं. बुधवारी विसावा अध्याय होता. तो मला वाचवेना. पुस्तक मिटून मी सगळं बायकोला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपण भाकरी कुणाच्या पिठाची खात होतो, ते तरी कळलं.” एकवीस तारखेच्या अध्यायात होतं की यज्ञबलीपेक्षा देवाला न्यायानं वागणं आवडतं. सुगीच्या सणाचं माझं पोतं डोळ्यांपुढं आलं.

इथं आजीचं सांगायला हवं. आजीला वाचता येत नव्हतं. शास्त्र सांगणाऱ्या बायबलबाई वस्तीवर यायच्या, त्यांच्याकडून ऐकून तिला रूथचं पुस्तक जवळजवळ पाठ झालं होतं. कारण रूथ सरवा वेचायची, आणि आजीही. कापणी झालेल्या शेतात राहिलेली कणसं गोळा करत तिनं माझ्या बापाला वाढवलं. शेताचे कोपरे कापू नका, सांडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे, असा मोशेच्या नियमशास्त्रात हुकूम आहे. पण आजीला नियमापेक्षा रूथच्या गोष्टीतला शेतमालक बवाज आवडायचा. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या. हे सांगताना ती प्रत्येक वेळी मांडीवर हात मारून हसायची, जणू ती कणसं तिच्यासाठीच टाकली होती.

पुढं चार पैसे आल्यावर तिनं पितळी पायली घेतली. ती वस्तीवर बाजरी मापायची आणि पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची. पायली भरली की हातानं दाबायची, हिसका देऊन हालवायची, पुन्हा भरायची, आणि वर शीग लावून समोरच्या बाईच्या ओट्यात ओतायची. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं मापाबद्दल सांगितलंय ते हेच. दाबलेलं, हालवलेलं, शिगेवरून ओसंडणारं माप पदरात घालणं. हे बोलणारा धान्याच्या बाजारात उभा राहिलेला होता याबद्दल मला शंका नाही. दाणे हालवल्यावर खाली बसतात हे मापलेल्यालाच ठाऊक असतं. ती पायली आमच्या माळ्यावर होती. मी ती उतरवली, चिंचेनं घासली आणि मोठ्या काट्याशेजारी ठेवली.

ऑक्टोबरात बाजरी यायला लागली. पहिलं पोतं वरच्या वस्तीवरच्या एका मावशींचं. पोतं तोललं, मग दाणे ओतून घेतले, रिकामं बारदान छोट्या काट्यावर ठेवलं आणि तेवढंच वजा केलं. सहाशे वीस ग्रॅम. मावशींनी माझ्याकडं, मग काट्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं. “रेट पाडला का रं?” मी नाही म्हटलं. “मग काट्यात काय केलंस?” मला लाज वाटली. तिचा संशय तिनं माझ्याकडूनच शिकलेला होता.

मागचं सगळं फेडणं झालं नाही. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं चौपट परत केलं. मला एकपटसुद्धा जमलं नाही. दोन वर्षांच्या वह्या शाबूत होत्या, त्यांवरून ज्याची त्याची रक्कम काढली आणि उधारीतून वळती केली, कुणाला हातात दिली. पडवीवर नवे पत्रे टाकायचे होते, ते राहिले. काही माणसं वारली होती. एकाच्या मुलाला पैसे दिले तर तो रागावून निघून गेला, बाप मरताना औषधाला कमी पडले होते म्हणाला. त्यावर माझ्याकडं काही बोलणं नव्हतं, आजही नाही. बाजारातले दोघे व्यापारी वर्षभर बोलत नव्हते. आणि खरं वागलं म्हणून धंदा दुप्पट झाला, असंही काही घडलं नाही. उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडं शेतकरी जातो, त्याला इलाज नसतो. त्या साली नफा घटला.

पण पुढच्या पावसाळ्यातल्या, गळत्या पडवीतल्या रात्री मला आठवतात त्या जेवणाच्या. पंधराव्या अध्यायात पोसलेल्या बैलाच्या मांसापेक्षा प्रेमानं वाढलेली भाजी बरी असं आहे. मेथी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. चिठ्ठ्या पडताळायच्या नव्हत्या, कोण काय बोललं ते घोळवायचं नव्हतं. आम्ही सावकाश जेवायचो. कित्येक वर्षांनी भाकरीची गोडी लागली. आनंद म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी ते जेवण सांगेन.

एकतिसावा अध्याय वर्षातून सातच वेळा येतो. तो राजा लमुएलाला त्याच्या आईनं दिलेल्या शिकवणीपासून सुरू होतो आणि शेवटी सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे. मूळ हिब्रूत त्याच्या बावीस ओव्या वर्णमालेच्या क्रमानं लावल्यात. ती शेत पारखून विकत घेते, कापड विणून व्यापाऱ्याला विकते. शेवटी तिच्या हातचं फळ तिला द्या असं सांगितलंय. बायकोचा डोळा तोवर बरा झाला होता, नवा चष्मा आला होता. 2017च्या डिसेंबरच्या एकतीसला ती स्वतः वाचत होती, तिथं येऊन थांबली नाही, पुढं गेली. मी थांबलो. मी मालाला नगरला जायचो तेव्हा एकवीस वर्षं दुकान तिनं सांभाळलं होतं. जानेवारीत बँकेत जाऊन खात्यावर तिचं नाव घातलं. ती म्हणाली, “अध्याय नीट ऐकता म्हणायचं.”

पुढच्या सुगीला मावशी आल्या. पोतं उतरवायच्या आधीच काखेतलं एक रिकामं बारदान त्यांनी माझ्यापुढं टाकलं. “आधी ह्ये तोल.” तोललं. सहाशे चाळीस. “गेल्या साली सहाशे वीस होतं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मावशी, ते दुसरं होतं.” त्यांनी ते बारदान हातात धरून पारखलं आणि मान हलवली. हिशेब झाला, पैसे मोजून झाले. मग त्यांची नजर पायलीवर गेली. त्यांनी ती उचलली, वेगळ्या आणलेल्या गाठोड्यातली बाजरी तिच्यात ओतली, तळहातानं दाबली, पायली हालवली, पुन्हा ओतली.

“ह्ये काट्यावर नको घालूस,” मला म्हणाल्या. आणि बायकोला म्हणाल्या, “पदर धर.”