शमशोनाचं कोडं आणि आमची प्रश्नपत्रिका



नाताळच्या सुट्टीत घरोघरी वाटलेल्या प्रश्नपत्रिकेबद्दल बऱ्याच जणांनी मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. "यंदा अध्याय आणि वचनांचे आकडे कुठे गेले?" हा एकंदर सूर. काहींना मजा आली, काहींना सगळं पोरकट वाटलं. एका ज्येष्ठ काकांनी तर तोंडावरच सांगितलं, "बाई, ही बायबल क्विझ नव्हे, ही हुमाणं आहेत." काकांचं बरोबर आहे. हुमाणंच होती ती. ती का घातली, ते आज लिहिते.

पॅरिशमध्ये असले खेळ कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. आपल्या देशात सर्वांसाठी खुली अशी पहिली रीतसर क्विझ १९६७ साली कोलकात्यात झाली असं मानतात, आणि ती भरली होती ख्राइस्ट द किंग चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये. घेणारे होते नील ओब्रायन. त्यांचे चिरंजीव डेरेक यांना पुढे आपण टीव्हीवर बोर्नव्हिटा क्विझ घेताना पाहिलं. म्हणजे हा पाहुणा बाहेरून आलेला नाही, घरचाच आहे.

मला स्वतःला ओढ आहे ती आयल ऑफ मॅन बेटावरच्या किंग विल्यम्स कॉलेज या शाळेच्या प्रश्नपत्रिकेची. शंभराहून अधिक वर्षं ती निघते आहे, आणि १९५१ पासून इंग्लंडचं 'गार्डियन' ती छापतं. अठरा गट, प्रत्येकात दहा प्रश्न. प्रत्येक गटात एक धागा लपवलेला असतो, तो सापडला की बाकीची उत्तरं हळूहळू उलगडतात. पण खरी गंमत वेगळीच. मुलं नाताळच्या सुट्टीआधी ही परीक्षा एकदा देत, आणि तेव्हा जवळजवळ कोणालाच काही येत नसे. मग तीच पत्रिका घेऊन घरी जायचं. सुट्टीत वडिलांना विचारा, आत्याला विचारा, ग्रंथालय पालथं घाला, आणि परत आल्यावर तीच परीक्षा पुन्हा द्या. पूर्वी सक्ती होती, आता ज्याला हवी तो देतो. आधी सगळ्यांनी मिळून नापास व्हायचं आणि मग घर कामाला लावायचं, ही कल्पना मला फार आवडली. आपली पत्रिका आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी देऊन तीन राजांच्या सणाला परत घेतली, ती यावरूनच.

आता प्रश्नाचं बघा. "भारतात पहिला छापखाना कोणत्या साली आला?" उत्तर १५५६. ज्याला ठाऊक तो हात वर करतो, ज्याला नाही त्याने मान खाली घालून बसायचं. त्याला करण्यासारखं काही उरतच नाही. मी तोच प्रश्न असा घातला: "मी निघालो होतो अबिसीनियाला. वाटेत गोव्यात उतरलो, तो तिथेच राहिलो. मला बोलता येत नाही, पण माझ्यामुळे एकाचं बोलणं हजारांपर्यंत जातं. मी कोण?" इथे साल नसलं तरी चालतं. चौथीपर्यंत शिकलेली बाईसुद्धा शेवटच्या वाक्याला धरून वर येऊ शकते. चांगल्या कोड्यात चढायला पायरी ठेवलेली असते.

शमशोनाने ती ठेवली नव्हती. शास्ते १४ काढून वाचा. लग्नाची मेजवानी, सात दिवसांची मुदत, तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख पणाला. सिंहाच्या सांगाड्यात मध सापडला हे त्याने आईवडिलांनाही सांगितलं नव्हतं, मग त्या तीस जणांना ते कळणार कसं? त्यांनी त्याच्या बायकोला जाळण्याची धमकी दिली, तिने रडून रडून उत्तर काढून घेतलं, आणि पण फेडायला अष्कलोनात तीस माणसं मारली गेली. आपल्यालाच माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला विचारून त्याची फजिती बघण्याचा हा प्रकार आमच्या जुन्या क्विझमध्येही थोडाफार होता, असं माझं मत. शबाच्या राणीने शलमोनाला कठीण प्रश्न विचारले, पण त्यातला एकही बायबलने लिहून ठेवला नाही. प्रश्न काढणारी म्हणून मला हे नेहमी खटकतं!

"विश्वासात हुशारीचं काय काम?" असंही कोणी म्हणालं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये ऐकत आणि प्रश्न विचारत बसलेला सापडला, हे मी त्यांना आठवून दिलं. वाद तिथे थांबला नाही, पण चहा आला.

आणि खरं सांगायचं तर पत्रिका काढताना माझ्या डोळ्यांसमोर एकच घर होतं, आमचं. पप्पा निवृत्त शिक्षक. कितीतरी वर्षं बायबल क्विझचा चषक त्यांनी दुसऱ्याला मिळू दिला नाही. गेली दोन वर्षं त्यांची नावं आणि आकडे निसटतात. मागच्या नाताळात ते हॉलमध्ये उत्तराला उभे राहिले आणि आकडा येईना. सगळे थांबले. मागून कोणीतरी हळूच उत्तर सुचवलं. पप्पा खाली बसले, आणि त्यानंतर ते हॉलमध्ये आलेले नाहीत.

यंदा पुतण्याने त्यांना छापखान्याचा प्रश्न वाचून दाखवला. "परत वाच," म्हणाले. मग अंगठा बोटांवर घासत राहिले. "ते... कागद. काळं करतं. दाबतं." पोरगा ओरडला, "आजोबा, छापखाना!" पप्पा म्हणाले, "तेच सांगतोय मी." पुढचा प्रश्न होता इंग्लंडहून आलेल्या एका फादरांचा. त्यांनी प्रभूचं चरित्र आपल्या भाषेत लिहिलं, ते १६१६ साली रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं, आणि छंद निवडला आजीला जात्यावर बसल्यावर सुचायचा तोच. पप्पांना स्टीफन्स हे नाव आठवलं नाही, क्रिस्तपुराणही नाही. ते ओवीची चाल गुणगुणू लागले, आणि नाव आईने सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र काहीच सुचेना. चिडले, कागद ढकलून दिला, जेवलेही नाहीत धड. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न: "त्या तिसऱ्याचं सापडलं का कोणाला?"

आमच्या घराला वीसपैकी अकरा गुण मिळाले. पूर्वीच्या पप्पांना हे मुळीच चाललं नसतं. हॉलमध्ये ते अजून आलेले नाहीत, पण पुढची पत्रिका कधी, हे त्यांनी परवा दोनदा विचारलं.

ती चाळीस दिवसांच्या उपवासकाळात निघेल. तोवर हा एक घ्या: इंग्लंडात जोडे शिवणारा एक माणूस बंगालमध्ये येऊन राहिला, आणि १८०५ साली त्याने आपल्या मराठीचं व्याकरण छापलं. कोण तो? घरात सगळ्यांना विचारून झालं की मग मला सांगा. उत्तर पुढच्या रविवारी हॉलबाहेरच्या फलकावर लावीन.