नातीची परीक्षा

डोंबिवलीहून रोज ठाण्यास रुग्णसेवेस जाणाऱ्या आमच्या नातीनें परदेशगमनाचा विषय काढला, तेव्हां आम्हीं विचारलें, "परीक्षा कोणती?" जन्मभर मास्तरकी केलेल्यास दुसरें काय सुचणार! अमेरिकेची 'एनक्लेक्स' संगणकावर होते. उत्तर पाहून पुढचा प्रश्न ठरतो, ८५ ते १५० प्रश्नांत निकाल लागतो. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनींहि ती २०१५ पासून स्वीकारली आहे. मात्र उत्तीर्ण होऊनहि भारतीयांस अमेरिकेच्या स्थायी व्हिसासाठीं वर्षानुवर्षें खोळंबावें लागतें. विलायतेची पहिली परीक्षा मुंबईस देतां येते. दुसरी, प्रात्यक्षिकाची, तेथें जाऊनच. परमुलखांत नापास झाली तर? ही धास्ती आमची. ती म्हणाली, "आजोबा, सुई टोचायला मी कागदावर शिकलें नाहीं." आम्ही निरुत्तर झालों. अर्ज विलायतेचा गेला. निम्में शुल्क आमच्या पेन्शनींतून.