तेलीबांध्याच्या वाटेवरचा तिवरा

रायपूर हे तळ्यांचे शहर. त्याच्या पूर्व अंगास तेलीबांधा नावाचा जुना तलाव आहे. छत्तीसगढी बोलीत ‘बांधा’ म्हणजे बांध घालून अडविलेले पाणी. आज या तलावाच्या काठाने फरसबंद वाट आहे, दिव्यांची रांग आहे, आणि सायंकाळी मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांची तेथे गर्दी उसळते. लोकांनी त्या काठाला हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ असे नावही देऊन टाकले आहे. वाचकहो, आपण कधी हिवाळ्यात रायपूरला गेलात, तर या काठावर घटकाभर अवश्य विसावा. परंतु तेथूनच माघारी फिरू नका. महासमुंदकडे जाणाऱ्या हमरस्त्याने शहर मागे टाकून थोडे पुढे जा.

तेथे भाताची कापणी कधीच उरकलेली असते. पावसाळा सरून दोन-तीन महिने लोटलेले असतात आणि काळी जमीन भेगाळू लागलेली असते. तरीही धसकटांच्या मधून एक नाजूक हिरवी वेल जमिनीलगत पसरलेली दिसते. तिची पाने गवतासारखी अरुंद आणि फुले निळी असतात. हाच तिवरा. कोकणातल्या वाचकांनी मात्र खाडीकाठच्या तिवरांशी त्याची गल्लत करू नये. भंडारा-गोंदियाकडे यालाच लाख किंवा लाखोळी म्हणतात आणि हिंदी मुलखात खेसारी.

याची पेरणी पाहण्यासारखी असते. भात शेतात उभे असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे अगोदर, त्याच्या पायाशी ओल्या मातीत बी फेकून देतात. या पद्धतीला येथे ‘उतेरा’ म्हणतात. त्याला नांगरट लागत नाही, खत लागत नाही, की पाणीही लागत नाही. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवरच हे पीक वाढते आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देऊन जाते.

हा पाहुणा मुळात दूरचा आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेश हे त्याचे माहेर. बाल्कन प्रदेशातील नवाश्मयुगीन वस्त्यांतही त्याचे बी सापडले आहे. स्पेनमध्ये आजही त्याच्या पिठाची लापशी करतात. आपल्या बागांतून हिवाळ्यात दरवळणारा ‘स्वीट पी’ हा सिसिली बेटाकडून आलेला त्याचाच भाऊबंद होय.

परंतु या गुणी पिकाच्या मागे एक करुण इतिहास आहे. १८२९ पासून ओळीने तीन वर्षे सागर जिल्ह्यात कधी गारपीट, कधी अवर्षण, तर कधी तांबेरा यांनी रब्बी बुडविली. टिकला तो एकटा तिवरा. लोकांनी तोच खाल्ला. पुढे तिशीच्या आतील तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. कर्नल स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ही हकिकत नोंदविली आहे. मध्य भारतातील काही भागांत तर वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. त्यांच्या पायांची किंमत अशा रीतीने चुकती होई.

याचे कारण १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा या संशोधकांनी बियांतून वेगळे काढले. ते मज्जातंतूंना घातक असे एक द्रव्य आहे. दोन-तीन महिने सतत हेच धान्य मुख्य अन्न झाले, तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. त्यावर उपाय नाही. दैवाचा खेळ असा की, पाण्याचा ताण वाढला म्हणजे या द्रव्याचे प्रमाणही वाढते. जेव्हा हे धान्य सर्वांत उपयोगी पडते, तेव्हाच ते सर्वांत धोक्याचेही असते. १९६१ साली केंद्र सरकारने त्याच्या विक्रीवर बंदी घातली; पेरणी मात्र चालूच राहिली. कारण पाणी नसलेल्या शेतकऱ्याला दुसरे पीक सांगणार कोण? महाराष्ट्राने आपल्या राज्यापुरती ही बंदी २००८ साली उठविली.

या प्रश्नाचे एक उत्तर तेलीबांध्याच्या याच रस्त्यावर मिळते. लाभांडीपुढे १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. तेथे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण तयार झाले. त्यांत या द्रव्याचे प्रमाण एक दशांश टक्क्याहूनही कमी असते.

आपल्या परसात हे पीक घ्यावयाचे असेल, तर असे सुधारित बीच खात्रीच्या ठिकाणाहून आणावे. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराइतके खोल टोकावे. खत घालू नये. ‘याला पाणी लागत नाही’ ही ख्याती ऐकून वेल तहानलेली मात्र ठेवू नये. फुले येताना आणि शेंगा भरताना एकदा-दोनदा पाणी अवश्य द्यावे. मधमाश्यांमुळे शेजारच्या गावठी वेलीशी संकर होऊ शकतो. म्हणून आजूबाजूस गावठी लाखोळी असल्यास घरचे बी वर्षानुवर्षे धरू नये. कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी छत्तीसगढात फार आवडीने खातात. ते द्रव्य पानांतही असते, म्हणून ही भाजी ऋतूपुरती आणि बेताने खावी. डाळ करावयाची तर ती कढत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. त्याने दोष पुष्कळ कमी होतो, समूळ जात नाही. ती भात, पोळी, भाज्या आणि इतर डाळी यांच्या जोडीने असावी. कधीही एकटी नसावी.

परतताना तेलीबांध्याच्या काठावर पुन्हा थोडे थांबा. पूर्वजांनी बांध घातला तो पावसाचे पाणी चार महिन्यांत वाहून जाऊ नये म्हणून. जेथे असे पाणी अडले, तेथे शेतात दुसरे पीक आले आणि ताटात दुसरा घास आला. माणसे अधू झाली ती तिवरा खाल्ल्याने खरी. पण तिवऱ्यावाचून घरात दुसरे काहीच नव्हते, हे त्याहून मोठे कारण होते. परसातल्या त्या निळ्या फुलांकडे पाहताना एवढे स्मरणात राहिले, तरी पुष्कळ झाले.