पाठ कोण घासणार?

'हमाम' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? साबण! फार तर 'हमाम में सब...' ही हिंदी म्हण. इस्तंबूलला गेले तेव्हा माझंही जनरल नॉलेज एवढंच होतं.

चेंबरलिताश हमाम १५८४ सालचा. सुलतान तिसऱ्या मुरादच्या आईनं, नूरबानूनं बांधून घेतलेला. आर्किटेक्ट मिमार सिनान. हिस्ट्री ऐकून मी इम्प्रेस झाले, पण हातात नुसता चौकड्यांचा पंचा मिळाला आणि माझी टरकलीच. जिमच्या चेंजिंग रूममध्ये टॉवेलच्या आड सर्कस करत कपडे बदलणारी मुलगी मी!

आत भलामोठा घुमट, त्यातल्या गोल झरोक्यांतून उतरणारा उजेड आणि मधोमध संगमरवरी ओटा. तुर्की लोक त्याला म्हणतात 'बेंबीचा दगड'. खाली भट्टी, फरशीखालून खेळणारी गरम हवा. मूळ आयडिया रोमन लोकांची. टब मात्र नाही. वाहतं पाणीच शुद्ध, म्हणून संगमरवरी कुंडीतून वाटीनं पाणी घ्यायचं. थोडक्यात, आपलं बादली-तांब्याच की!

'नातिर', म्हणजे न्हाऊ घालणारी बाई, माझ्या आईच्या वयाची. हातात खरखरीत 'केसे' चढवून तिनं मला अशी काही घासली की मळाच्या वळ्या निघाल्या. त्या मला दाखवून ती खो खो हसली. आजूबाजूला सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, सुरकुत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पूर्वी बायका पोरंबाळं, डबे घेऊन इथे अख्खा दिवस काढायच्या. मुलासाठी सूनही इथेच हेरायच्या म्हणे!

तिनं डोक्यावर पाणी ओतलं आणि एकदम दिवाळीची पहाट आठवली. उटणं, चुरचुरणारे डोळे, आईचा हात. सहावीत मी बाथरूमला आतून कडी लावली, ती कायमचीच.

गेली दोन वर्षं आईचा खांदा आखडलाय. हात मागे जात नाही. डॉक्टर, फिजिओ, बिलं, सगळं मी बघते. पण तिची पाठ कोण घासतं, हे कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. "आई, पाठ घासून देऊ?"

"काहीतरीच तुझं!" आतून आवाज आला.

मग थोडा वेळ नुसतंच पाणी पडत राहिलं. आणि हळूच कडी निघाली.