मागच्या सीटसाठी घेतलेली गाडी

शिक्षकाच्या दारात मोठी गाडी उभी राहिली की मोहल्ल्यात हिशेब सुरू होतात. एवढा पैसा आला कुठून? २०२२ मध्ये आम्ही दहा वर्षं जुनी स्कोडा सुपर्ब घेतली, तेव्हाही तेच झालं. म्हणून आमचा हिशेब वाचकांपुढे उघडाच मांडतो. अशा गाडीचा विचार करणाऱ्या घरांना तो कामी येईल.

आम्ही दोघं शिक्षक, जालन्यात राहतो. अम्मींच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गुडघे दुमडून फार वेळ बसवत नाही. आणि तपासणीसाठी दर महिन्याला औरंगाबाद गाठायचं, म्हणजे साठेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. लहान गाडीत त्या ओठ दाबून बसत, तक्रार करत नसत. तेच आम्हाला बघवत नव्हतं. सुपर्बच्या मागच्या सीटवर पाय सरळ पसरता येतात. व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हे घरात आधीपासून ठरलेलं. साठवलेल्या पैशांतून ४ लाख ४० हजार रोख दिले. एवढ्या पैशांत ऐसपैस नवी गाडी येत नव्हती. ही गाडी तर आमच्याच वाटेवरच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. दर महिन्याला तिच्या माहेरावरून जाणं होतं!

नवी असताना वीस लाखांच्या पुढची गाडी इतकी स्वस्त का मिळते? विमा कंपन्यांच्या कोष्टकातच चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. पुढे तर ती घासाघिशीवरच ठरते. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी चार लाखांची असली तरी खर्च वीस लाखांच्या गाडीचाच येतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची पुष्कळ मनस्तापाची पाळी टळते.

घेताना आम्ही घाई केली नाही. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहिली. मीटरवरचे किलोमीटर जुन्या बिलांशी ताडून पाहिले. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. चासी नंबर आरसी बुकाशी जुळवला. आधीच्या मालकांचं बँकेचं कर्ज फिटलं होतं, तरी आरसीवरचा बोजा उतरवला नव्हता. फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हाती आल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. विमा चौदा दिवसांच्या आत आमच्या नावावर करून घेतला. जुन्या मालकांचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, हेही तेव्हाच हिशेबात धरलं.

पहिल्या वर्षी चार टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचं तेल आणि सस्पेन्शनचे रबरी बुश मिळून १ लाख १२ हजार गेले. यात बिघाड एकही नव्हता, सगळी वयाची कामं. ही रक्कम आम्ही खरेदीआधीच बाजूला काढली होती. इंजिन १५०० सीसीच्या वरचं, म्हणून त्या वर्षी थर्ड पार्टी विम्याचाच मूळ हप्ता ७,८९७ रुपये होता. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४. आता दर महिन्याला पाच हजार गाडीच्या डब्यात पडतात. ज्या घरात हा डबा भरणं जमणार नाही, तिथे गाडी फुकट मिळाली तरी महागच.

पण एक खर्च कोणत्याच बिलात येत नाही. लोकांना गाडीचा चेहरा दिसतो, किंमत दिसत नाही. कुणी उसने मागू लागले. नवरदेवासाठी गाडी द्या, अशी गळ घालणारे वाढले. ते एक वेळ निभावतं. जिवाला लागलं ते वेगळंच. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या शेजारच्या खाला पूर्वी मुलाच्या फीसाठी, फॉर्म भरण्यासाठी हक्काने यायच्या. त्या येईनाशा झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही आता मोठे लोक झालात."

आम्ही त्यांना घरात बसवून गाडीची वही दाखवली. कोणत्या महिन्यात किती गेले, डब्यात किती उरले, सगळं. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई गं, ही तर माझ्या मशीनसारखीच आहे. जुनी आहे, पण तेल मागते." दुसऱ्या दिवशी मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आल्या.

त्यानंतर घरात एक नियम केला आणि सगळ्या नातलगांना सांगून टाकला. वरातीला गाडी मिळणार नाही. कुणी वाईट वाटून घेऊ नये. दवाखान्यात न्यायचं असेल तर रात्री दोनलाही दार वाजवा. भाडं घेणार नाही. खासगी विम्यावर भाड्याने गाडी चालवताही येत नाही. आतापर्यंत चारदा दार वाजलं आहे. त्यातल्या एका फेरीला मागच्या सीटवर पाय पसरून खाला होत्या आणि त्यांचं डोकं अम्मींच्या मांडीवर होतं.